वेषाची विनंति

दुसऱ्याच्या हातून आपल्या मनांतील वस्तु घडवून घेणें हें वाटतें तितकें सोपें काम नाहीं. शिंप्याकडे कापड देऊन आलेला गृहस्थ आठ दिवसांनीं सदरा अंगांत घालून पाहतो आणि "मला असा नको होता" असें म्हणतो. तेव्हां दोष शिंप्याच्या कात्रीचा किती आणि सांगणाराच्या जिभेचा किती, याचा निवाडा सहसा होत नाहीं. तरी शिंप्याच्या दुकानांत मापाची फीत असते, समोर माणूस उभा असतो, आणि काम झाल्यावर पैसे द्यावयाचे असतात. पण जेथें अंग नाहीं, कापड नाहीं, पैसे नाहींत, आणि मागणारा व देणारा यांनीं एकमेकांचें तोंडही पाहिलेलें नाहीं, अशा ठिकाणीं पोशाख मागावयाचा तो कसा? हा प्रश्न आज कित्येक घरांतील मुलामुलींपुढें उभा असतो, आणि त्याच घरांतील वडील माणसांस त्याची गंधवार्ताही नसते. संगणकावरील खेळांत वावरणाऱ्या पात्रांस निराळा वेष करून मागण्याची जी प्रथा गेल्या तीस वर्षांत रूढ झाली, तिचा थोडक्यांत इतिहास सांगावा, व त्या ओघांत चांगली विनंति कशास म्हणावें याचा विचार करावा, असें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

या विषयांत 'मॉड' हा शब्द वारंवार येईल, म्हणून त्याचा अर्थ आधीं सांगितलेला बरा. खेळ तयार करणाऱ्या कंपनीचा नव्हे, तर तो विकत घेऊन खेळणाऱ्यांपैकीं कोणाचा तरी हात लागून खेळांत जो फेरफार होतो, त्यास मॉड म्हणतात. कोणी नवा किल्ला बांधतो, कोणी नवें शस्त्र घडवितो, कोणी नायकाचा अंगरखा बदलतो. यांतील अंगरख्याचा प्रकार वरवर पाहणारास क्षुल्लक वाटेल. परंतु आपलें सोंग आपल्या मनाजोगें असावें ही हौस मनुष्याच्या ठायीं फार जुनी आहे. आणि जेथें हौस आली तेथें साधनें, भांडणें, रीतिरिवाज व शिष्टाचार हेंही सारें मागून येतेंच.

१९८१ सालीं म्यूज सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीनें ॲपल टू या संगणकासाठीं 'कॅसल वुल्फेनस्टाइन' नांवाचा खेळ काढला. नाझी पहारेकऱ्यांच्या तावडींतून किल्ल्याबाहेर निसटावयाचें, असा त्याचा विषय होता. १९८३ सालीं कांहीं हौशी तरुणांनीं त्याचें विडंबन करून पहारेकऱ्यांच्या जागीं स्मर्फ, म्हणजे बेल्जियन चित्रकथेंतील निळे बुटके, आणून उभे केले. मॉडच्या अगदीं आरंभींच्या नमुन्यांत याची गणना होते. या काळीं विनंतीचा प्रश्नच नव्हता. ज्याला हौस त्यानेंच रात्री जागवून खटपट करावयाची, आणि खेळाच्या पोटांत शिरून कंपनीनें न दाखविलेल्या वाटा शोधावयाच्या, असा तो मामला होता.

आयडी सॉफ्टवेअर या कंपनीनें १९९२ च्या मे महिन्यांत 'वुल्फेनस्टाइन थ्रीडी' काढला, तेव्हांही लोकांनीं त्यांतील शत्रूंचीं रूपें बदललीं. पण तसें करतांना मूळ फाईलच खोडून तीवर नवें लिहावें लागे. घरास नवा रंग द्यावयाचा म्हणून जुनी भिंत पाडण्यासारखेंच तें होतें. कंपनीचा मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक यानें ही धडपड पाहिली, आणि तिच्यावर बंदी घालण्याऐवजीं तिला वाट करून दिली. १० डिसेंबर १९९३ रोजीं निघालेल्या 'डूम' या खेळांत चित्रें, नाद व नकाशे हीं मुख्य यंत्रणेपासून अलग काढून 'वॅड' नांवाच्या फायलींत ठेवण्यांत आलीं. आतां नवी फाईल जोडावी, नकोशी झाल्यास काढून टाकावी; मूळ खेळास धक्का लागत नसे. कंपनींतील कांहीं सहकाऱ्यांस ही उदारता धोक्याची वाटली. फेरफार फुकट वांटलेल्या नमुन्यावर चालूं नयेत, विकत घेतलेल्या प्रतीवरच चालावेत, एवढें पथ्य मात्र कंपनीनें ठेविलें. पुढील सर्व इतिहासाचा पाया या एका निर्णयानें घातला गेला असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

तथापि 'डूम'मध्यें वेष बदलणें मोठें कष्टाचें होतें. त्यांतील पात्रें सपाट चित्रांचीं बनलेलीं. आणि तीं आठ दिशांनीं दिसावयाचीं असल्यामुळें, डाव्याउजव्या बाजूंस एकच चित्र उलटून वापरलें तरी प्रत्येक हालचालीस पांच चित्रें लागत. खेळाडूच्या केवळ चालण्याच्या चार हालचाली धरल्या तरी वीस चित्रें झालीं. शिवाय नेम धरणें, घायाळ होणें, मरून पडणें हीं वेगळींच. अंगरख्यास एक खिसा लावावयाचा तर तो या प्रत्येक चित्रांत पुनः काढावा लागे. फुकट काम करणाऱ्याकडे असा खिसा सहज मागणाऱ्या मनुष्यास आपण किती मागत आहों याची कल्पनाही नसे. हें अज्ञान पुढें प्रत्येक पिढींत नव्या रूपानें दिसून येतें.

१९९६ च्या जूनमध्यें 'क्वेक' आला आणि देहास खोली आली. पात्र आतां त्रिकोणी तुकड्यांच्या सांगाड्याचें झालें व त्यावर एकच सपाट चित्र गुंडाळूं लागले. त्या चित्रास 'स्किन', म्हणजे कातडें, हें नांव पडलें. एकाच साच्यांतून निघालेल्या गणपतीच्या मूर्तींस निरनिराळे रंग द्यावेत, तशांतलाच हा प्रकार. २५६ रंगांच्या मर्यादेंत एक चित्र रंगविलें कीं नवा वेष तयार होई. काम हलकें झालें, रंगविणारे वाढले, आणि ज्यांस रंगवितां येत नव्हतें ते येणाऱ्यांकडे मागूं लागले. मागणारा व कारागीर अशा दोन बाजू स्पष्ट पडल्या त्या येथें.

परंतु या काळांतील सर्वांत लक्षणीय गोष्ट निराळीच आहे. मूळ 'क्वेक'मध्यें खेळाडूस मिळणारा देह पुरुषाचा होता. इंटरनेटवरून लढणाऱ्या स्त्रियांचीं पथकें तर त्या वेळींच निघालीं होतीं. त्या स्त्रियांनीं व त्यांच्या स्नेह्यांनीं स्त्रीरूपें तयार करून खेळांत आणलीं. 'क्वेक'चा दुसरा भाग १९९७ सालीं निघाला, तेव्हां कंपनीनें स्वतःच स्त्री-देह दिला. पुढें १९९९ सालीं ॲन-मरी श्लायनर या कलावतीनें अशा फेरफारांचें 'क्रॅकिंग द मेझ' नांवाचें प्रदर्शन इंटरनेटवर भरविलें. वेष मागणें म्हणजे पोरखेळ, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं याचा विचार करावा. ज्या सभेंत आपल्यासाठीं जागाच ठेविलेली नाहीं, तेथें आपल्या रूपानें जाऊन बसण्याचा हा हट्ट होता.

फेब्रुवारी २००० मध्यें मॅक्सिस कंपनीचा, विल राइट यानें रचलेला, 'द सिम्स' बाहेर पडला. त्यांतील माणसें लढत नाहींत. तीं स्वयंपाक करितात, नोकरीस जातात, रुसतात, भांडतात. या खेळाचें वैशिष्ट्य असें कीं पात्रांचे वेष पाहण्याचें व बदलण्याचें साधन कंपनीनें खेळ निघण्यापूर्वींच लोकांच्या हातीं दिलें. त्यामुळें खेळ दुकानांत आला तेव्हां त्याच्या पात्रांसाठीं हौशी लोकांनीं केलेले कपडे आधींच तयार होते. हा खेळ खेळणाऱ्यांत स्त्रियांचा भाग मोठा होता, आणि घरगुती कपड्यांचा जो अफाट सांठा पुढें जमला त्यांत त्यांच्या हौसेचा व श्रमाचा वांटाही तसाच मोठा होता.

२००२ सालीं दोन घटना घडल्या. 'मॉरोविंड' हा बेथेस्डा कंपनीचा खेळ आपल्या रचनेच्या साधनासकट विक्रीस आला. आणि त्रिमिति आकृति घडविण्याचा 'ब्लेंडर' हा प्रोग्राम, लोकांनीं वर्गणीनें एक लक्ष युरो जमविल्यावर, ऑक्टोबरमध्यें सर्वांस मुक्त करण्यांत आला. म्हणजे एकीकडे दार उघडलें आणि दुसरीकडे हत्यार फुकट मिळालें. याच कंपनीचा 'स्कायरिम' नोव्हेंबर २०११ मध्यें निघाला व पुढल्याच फेब्रुवारींत त्याचें साधनही लोकांस मिळालें. २००१ मध्यें एका खेळाडूच्या हौशी संकेतस्थळापासून वाढत आलेल्या 'नेक्सस मॉड्स' या भांडारांत त्याचे पोशाख ढिगांनीं येऊं लागले.

मात्र पोशाख म्हणजे आतां केवळ रंगकाम राहिलें नाहीं. कारागिरास प्रथम कापडाच्या आकाराची जाळी विणावी लागते. ती सपाट उलगडून तिच्यावर रंगचित्र काढावें लागतें. सुरकुत्या व शिवणी यांचा उंचसखलपणा भासविणारें दुसरें चित्र करावें लागतें. आणि शेवटीं जाळीचा प्रत्येक बिंदु पात्राच्या कोणत्या हाडाबरोबर किती हलावा हें ठरवावें लागतें. हें शेवटलें काम चुकलें कीं नायिका पाऊल टाकतांच गुडघा कापडांतून बाहेर डोकावतो. संध्याकाळच्या फावल्या वेळीं हें काम करणाऱ्या मनुष्याचे कित्येक दिवस एका पोशाखांत जातात.

आतां एक उदाहरण घेऊं. समजा, पुण्याच्या एखाद्या मुलीस 'स्कायरिम'मधील आपल्या नायिकेस नऊवारी लुगडें नेसवावयाचें आहे, आणि ज्याच्याकडे मागावयाचें तो कारागीर युरोपांत कोठें तरी राहतो. "मला सुंदर भारतीय साडी करून द्या, शक्य तितक्या लवकर, आभारी आहें," असें तिनें लिहिलें, तर त्यांत सभ्यतेची उणीव नाहीं. पण माहितीचा लवलेशही नाहीं. त्या मनुष्यानें साडी कधीं जवळून पाहिलेली नसेल. तो शोध करील, त्यास गोल नेसलेल्या साडीचीं चित्रें मिळतील, व घागऱ्यासारखें एकसंध कापड दोन चालत्या पायांवर बसविण्याचा त्रास ओळखून तो तें पत्र बाजूस ठेवील. आतां दुसरें पत्र पाहावें:

"मी 'स्कायरिम'ची २०१६ ची आवृत्ति संगणकावर खेळतें. माझ्या नायिकेसाठीं महाराष्ट्रांतील नऊवारी लुगडें हवें आहे. समोरून, पाठीमागून व दोन्ही बाजूंनीं घेतलेलीं चार छायाचित्रें सोबत आहेत. तीं माझ्या आजीचीं असून तिच्या संमतीनें पाठविलीं आहेत. हें वस्त्र घागऱ्यासारखें नसतें. निऱ्या दोन्ही पायांमधून मागें नेऊन खोंवलेल्या असतात, त्यामुळें पाय वेगवेगळे राहतात. पदर डाव्या खांद्यावरून मागें जातो. काम करतांना तो कमरेशीं खोंवतात, म्हणून तो हलता नसला तरी चालेल. रंग हिरवा, काठ तांबडा. खेळांतील मूळ स्त्री-देहावर बसावें. चिलखत म्हणून नको, साधें वस्त्र म्हणून असावें. आणि दुसऱ्या कोणत्याही पोशाखाच्या जागीं न येतां स्वतंत्र वस्तु म्हणून यावें. काठाची नक्षी मी स्वतः काढून जोडली आहे. दागिने झाल्यास आनंद, न झाल्यास खेद नाहीं. घाई नाहीं, आणि हें काम आपल्या मनास आलें नाहीं तर आपण तें केलेंच पाहिजे असेंही नाहीं."

दोन पत्रांत विनय सारखाच आहे. भेद आहे तो विचाराचा. आवृत्ति आधीं सांगितली, कारण २०११ च्या 'स्कायरिम'साठीं केलेली जाळी २०१६ च्या आवृत्तीस बहुधा जशीच्या तशी चालत नाहीं. आणि प्लेस्टेशन चारवर तर बाहेरून नवी आकृति आणण्यास मुळींच मुभा नव्हती, तेव्हां त्या यंत्रावर खेळणारानें हें मागणेंच व्यर्थ होतें. देह सांगितला, कारण पुष्कळ खेळाडू हौशी कारागिरांनीं घडविलेले निराळे देह वापरतात, व एकाच्या मापाचा पोशाख दुसऱ्यास होत नाहीं. पाठीचें छायाचित्र दिलें, कारण खेळणारास आपल्या पात्राची पाठच अधिक वेळ दिसते, आणि मागणारे बहुधा समोरचेंच चित्र पाठवितात. आवश्यक काय आणि ऐच्छिक काय हें वेगळें केलें. पण सर्वांत महत्त्वाच्या गोष्टी दोन: काष्ट्यामुळें पाय वेगळे राहतात आणि पदर खोंवलेला चालतो, या वाक्यांनीं कारागिराच्या पुढच्या दोन मोठ्या अडचणी तिनें आपण होऊन दूर केल्या, आणि नक्षी स्वतः काढून कामांतील एक लहानसा वांटा उचलला. जिला आजीचें लुगडें ठाऊक होतें, तिनें तें ज्ञान दिलें. ज्याला जाळी विणतां येते, त्यानें ती विणावी. अशा ठिकाणीं मागणें हें सहकार्याचें पहिलें पाऊल होतें.

मग पैसे देऊन हा प्रश्न कां सोडवूं नये, असें कोणी विचारील. तोही प्रयोग होऊन गेला आहे. एप्रिल २००६ मध्यें बेथेस्डानें 'ऑब्लिव्हियन' या खेळांतील घोड्याचें चिलखत अडीच डॉलरांस विकावयास काढलें, तेव्हां त्याची इतकी थट्टा झाली कीं तें चिलखत पुढें म्हणीसारखें वापरांत आलें. २३ एप्रिल २०१५ रोजीं 'स्टीम' या दुकानाची मालक व्हॉल्व्ह कंपनी व बेथेस्डा यांनीं मिळून 'स्कायरिम'चीं मॉड विकण्याची मुभा दिली. किंमतीचा चौथा हिस्सा कारागिरास मिळावयाचा होता. लगेच वादळ उठलें. विकाऊ मॉडमध्यें दुसऱ्याच्या फुकट श्रमांचा आधार घेतल्याची तक्रार झाली. वर्षानुवर्षें एकमेकांस साह्य करणारे लोक एकमेकांकडे संशयानें पाहूं लागले. आणि २७ एप्रिलला, म्हणजे चौथ्या दिवशीं, ती योजना मागें घेण्यांत आली. कारागिरास मोबदला मिळूं नये असा याचा अर्थ नव्हे. ज्या व्यवहाराची सारी घडी देण्याघेण्याच्या विश्वासावर बसलेली होती, ती कोणास न विचारतां एका रात्रींत बदलतां येत नाहीं, एवढाच बोध यांतून घ्यावयाचा.

दान दिलेली वस्तु परत घेतां येते काय, हा प्रश्नही २०२१ सालीं उपस्थित झाला. एकदां ठेवलेल्या फायली यापुढें समूळ नष्ट होणार नाहींत, असें नेक्सस मॉड्सनें ठरविलें, तेव्हां कांहीं कारागिरांनीं मुदतीच्या आंत आपलें काम काढून नेलें. वापरणारांस तें कृतघ्नपणाचें वाटलें. कारागिरांस तो आपला अखेरचा हक्क वाटला. ज्याला मोल मिळत नाहीं, त्याला निदान आपल्या कृतीवर आपला शब्द चालावा असें वाटणें स्वाभाविक आहे. मागणारानें हें ओळखावें. दुसऱ्या कंपनीच्या खेळांतून उचललेला पोशाख मागूं नये. एकानें केलेल्या कामांत दुसऱ्याकडून त्याच्या संमतीवांचून फेरफार करवूं नये. जिवंत मनुष्याचें रूप त्याच्या परवानगीशिवाय कोणाच्या खेळांत नाचवूं नये. आणि पोशाख मिळाल्यावर तो अंगावर घालून, चालून, पळून पाहावा, कोठें फाटतो तें नीट शब्दांत कळवावें, व जेथें जेथें तो दाखवावा तेथें तेथें कारागिराचें नांव सांगावें. या व्यवहारांत पुष्कळदां नांव हेंच वेतन असतें.

आपल्या भाषेंत मागण्यास तीन शब्द आहेत, व तिहींचीं कुळें निराळीं आहेत. 'फर्माईश' ही फारसींतून आली. 'फर्मान' तिचें भावंड, आणि दोहोंच्या मुळाशीं आज्ञा आहे. 'अर्ज' अरबींतला, समोर मांडणें हा त्याचा अर्थ. 'विनंति' मात्र 'विज्ञप्ति'पासून आली असें व्युत्पत्तिकार सांगतात. आणि विज्ञप्ति म्हणजे जाणवून देणें. आपले वाडवडील पत्रारंभीं नमस्कार करून 'विनंति विशेष' असें लिहीत, आणि मग मजकुराचा तपशील सुरू होई. पुढें या दोन शब्दांचें 'वि. वि.' झालें, आणि त्यांतला अर्थ आपण विसरलों. मागणाऱ्यानें आधीं स्वतः जाणावें, मग दुसऱ्यास जाणवून द्यावें, असा तो अर्थ. रात्रीं उशिरा संगणकापुढें बसून कोणा अनोळखी कारागिरास पत्र लिहिणारी आपल्या घरांतील मुलगी वेळ फुकट दवडीत आहे, असें म्हणण्यापूर्वीं तिनें काय लिहिलें आहे तें एकदां वाचून पाहावें. आजीच्या लुगड्याचा काष्टा कसा असतो हें दूरच्या मनुष्यास समजेल अशा शब्दांत तिला सांगतां आलें असेल, तर पोशाख येवो अथवा न येवो, तिची रात्र सत्कारणीं लागली असें समजण्यास हरकत नाहीं.